साठ माणसं, एक डिस्क

बोईसर ते विरार रेंज जाते आणि भाग मध्येच तुटतो, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बरंचसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

आजचा इतिहास किल्ल्यांचा नाही. आजचा प्रश्न असा: एक मोठं मशीन आहे आणि ते वापरणारी माणसं खूप आहेत, तर प्रत्येकाला त्यातलं किती द्यायचं? क्लाउडवरचे व्हर्च्युअल डेस्कटॉप लावताना आजही पहिल्या दिवशी हाच प्रश्न पडतो. व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे काय, तर तुमच्यासमोर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. विंडोज चालतं दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, तुमच्याकडे येतं ते त्याचं चित्र. प्रश्न सोपा वाटतो. मी तो चुकवलाय, म्हणून सांगतोय.

एक फोन

सप्टेंबर २०२०. बीटेक होऊन वर्ष झालेलं आणि लॉकडाउनमुळे मी चिंचणीला घरी. एका छोट्या कंपनीचं काम आमच्या टीमकडे आलं. स्कॅन केलेले फॉर्म बघून त्यातली माहिती कॉम्प्युटरमध्ये भरणारे त्यांचे साठ ऑपरेटर. आधी सगळे एका हॉलमध्ये बसायचे, आता चिंचणी, वरोर, वाणगाव, बोईसर असे घरोघरी. कोणाकडे भावाचा जुना लॅपटॉप, कोणाकडे शेजाऱ्यांचा पीसी. पैसे फॉर्मच्या हिशोबाने. लोकांची माहिती कोणाच्या घरच्या मशीनवर उतरायला नको, म्हणून डेस्कटॉप मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये ठेवायचे ठरले. मशीन किती मोठं, डिस्क कुठली, हे ठरवायचं काम माझ्याकडे.

सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि चिंचणीतल्याच एका ताईंचा फोन आला.

"भाऊ, मी पावणेनऊलाच बसते. पण साडेनऊपर्यंत नुसती चक्री फिरते. आणि आता यादीत माझं नाव स्लो म्हणून आलंय."

मी म्हटलं, "ताई, नेट बघा तुमचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ. आधी साठेक वर्षं मागे जाऊया.

कुलाब्याचं मशीन, तारापूरची वीज

आपल्याकडे तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र. त्याच्या दोन मूळ अणुभट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या, ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक पातळीवर वीज देऊ लागल्या. या प्रकल्पामागचं नाव होमी भाभा. आणि भारतातल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरमागेही भाभांचीच संस्था होती, टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. तिथे आर. नरसिंहन यांच्या टीमने एक कॉम्प्युटर स्वतः बांधला. १९६० मध्ये तो चालू झाला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक.

टिफ्रॅकमध्ये २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा, बरोबर १० केबी होतात. तुमच्या फॅमिली ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण त्या दहा केबींवर शास्त्रज्ञांची रांग होती. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकन मशीन आलं आणि देशभरातल्या संस्था ते वापरू लागल्या.

ती पद्धत कशी होती? प्रोग्राम पंच कार्डांवर छापायचा, गठ्ठा ऑपरेटरच्या हातात द्यायचा, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. मग कागदावर उत्तर मिळायचं, नाहीतर चूक कळायची. एका स्वल्पविरामाची चूक असली तरी परत रांगेत. याला बॅच म्हणतात. यामागे एक हिशोब आहे: मशीन महाग, माणूस स्वस्त. म्हणून मशीन एक मिनिटही रिकामं राहता कामा नये, माणूस थांबला तर थांबू दे.

ही गोष्ट धरून ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास याच हिशोबाभोवती फिरतो. कोणी थांबायचं, मशीनने की माणसाने?

प्रत्येकाला वाटावं की मशीन माझंच आहे

१९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांनी टाइम-शेअरिंगचं प्रात्यक्षिक दाखवलं. मशीन एकच, पण ते प्रत्येकाकडे क्षणभर बघणार आणि पुढे सरकणार, इतक्या वेगाने की प्रत्येकाला वाटावं ते फक्त आपल्यासाठी चाललंय. त्याच वर्षी एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी म्हणाले, की एक दिवस कॉम्प्युटिंगही टेलिफोनसारखं सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल. वायर जोडा, वापरा, बिल भरा.

मग आयबीएमने पुढची उडी मारली. २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर झालं. वेळेचा तुकडा तर मिळायचाच, शिवाय प्रत्येकाला मिळायचं एक आख्खं 'खोटं' मशीन, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. सिस्टीम सांभाळणाऱ्याकडे एक डिरेक्टरी असायची. त्यात प्रत्येक माणसाचं नाव, त्याला मेमरी किती, आणि डिस्कचे सिलिंडर किती. त्या छोट्या तुकड्याला मिनीडिस्क म्हणत. त्या काळच्या ३३३० डिस्कवर एका सिलिंडरमध्ये साधारण अडीच लाख बाइट मावायचे. दहा सिलिंडर दिले, तर जवळपास अडीच एमबी.

गंमत बघा, सिस्टीमच्या फायली प्रत्येकाला वेगळ्या दिलेल्या नसत. त्यांची एकच डिस्क, सगळ्यांनी ती फक्त वाचायची. स्वतःचं लिखाण स्वतःच्या मिनीडिस्कवर. आज व्हर्च्युअल डेस्कटॉप लावताना आम्ही हेच करतो. विंडोजची एक तयार प्रतिमा सगळ्यांसाठी आणि प्रत्येकाची प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सेटिंग आणि फायली, वेगळ्या जागी. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ३६५' नावाचा क्लाउड पीसी बाजारात आणला २ ऑगस्ट २०२१ ला. बरोबर ४९ वर्षांनी, त्याच तारखेला. कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, पण मला आवडलं.

भारतात सामान्य माणसाने हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते बहुतेक रेल्वेच्या खिडकीवर. १९८६ मध्ये दिल्लीत कॉम्प्युटरवरचं आरक्षण सुरू झालं. सिस्टीम केली होती सीएमसी या सरकारी कंपनीने. क्लार्कसमोरच्या डब्यात डोकं नव्हतंच, फक्त स्क्रीन आणि कळा. डोकं एका खोलीत. म्हणून तर कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं.

मग पीसी स्वस्त झाले. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचं डोकं आलं आणि रांगेचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. पण कंपन्यांना हजारो पीसी सांभाळणं जड जाऊ लागलं. १९९५ मध्ये सिट्रिक्सचं विनफ्रेम आलं, १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती. परत एक मशीन, अनेक माणसं. २०१३ मध्ये ॲमेझॉनने वर्कस्पेसेस जाहीर केलं आणि डेस्कटॉप महिन्याच्या भाड्यावर मिळू लागला.

मशीन जवळ आलं

पण चिंचणीत बसून ते वापरायचं, तर मशीन जवळ हवं. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूरला जाऊन यायचं म्हणजे अगदी सरळ तार धरली तरी चाळीसएक मिलिसेकंद, प्रत्यक्षात जास्तच. प्रत्येक अक्षर दाबलं की तेवढा खोळंबा. दिवसभर टाइप करणाऱ्याला तो बोटांत जाणवतो. मुंबई आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या थोडी पलीकडे, म्हणजे तारेतला वेळ एखाद-दोन मिलिसेकंद. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू झाली, २०१६ च्या जूनमध्ये ॲमेझॉनचं मुंबई केंद्र. ही झाली नसती तर २०२० मध्ये साठ ऑपरेटर घरून बसवायची कल्पनाच कोणी केली नसती.

मार्च २०२० मध्ये दुसरा अडसरही हलला. कॉल सेंटर, बीपीओ अशांना कर्मचारी घरून बसवायला दूरसंचार विभागाच्या कडक अटी होत्या. त्या १३ मार्चला सैल केल्या गेल्या. बारा दिवसांनी देश बंद झाला.

गोदाम आणि दरवाजा

आता परत माझ्या साठ माणसांकडे.

प्रोसेसरचा हिशोब मला जमला. मायक्रोसॉफ्टचा ढोबळ नियम आहे: एका मशीनवर अनेक जण बसवताना साधं डेटा एंट्रीचं काम असेल, तर एका व्हर्च्युअल सीपीयूमागे सहा माणसं. काम जड होत गेलं की चार, दोन, शेवटी एकच. साठ भागिले सहा, दहा. मी आठ-आठ सीपीयूची दोन मशीनं घेतली, म्हणजे सोळा. मेमरीही पुरेशी होती.

डिस्क घेताना मी विचार केला जागेचा. प्रत्येकाची प्रोफाइल तीन जीबी, साठ जणांचे १८० जीबी, थोडी मोकळी जागा धरून २०० जीबीची एक सामायिक डिस्क. झालं.

पण डिस्कला दोन मापं असतात. गोदाम केवढं, हे एक. गोदामाचा दरवाजा केवढा, हे दुसरं. सेकंदाला डिस्क किती वेळा वाचू-लिहू शकते, त्याला आयऑप्स म्हणतात. तो दरवाजा. मी घेतलेल्या प्रकारात दरवाजा गोदामाच्या आकारावर ठरायचा: एका जीबीमागे तीन आयऑप्स. २०० जीबीला ६००. आणि प्रोफाइलच्या डिस्कसाठी मायक्रोसॉफ्टचाच अंदाज असा, की माणूस काम करत असताना साधारण १० आयऑप्स खातो, पण लॉगिन किंवा लॉगआउट करताना ५०.

करा गुणाकार. साठ जण कामात: ६००. अगदी बरोबर बसतं. साठ जण एकदम लॉगिन: ३,०००. पाचपट.

मग पहिल्या दिवशीच का नाही कोसळलं? कारण ही डिस्क क्रेडिट साठवते. रिकामी असताना शिल्लक जमते आणि गरज पडली की काही काळ ती ३,००० पर्यंत धावते. मी आधी पाच जणांवर आठवडाभर चाचणी घेतली होती. पाच जणांच्या लॉगिनला २५० पुरले, शिल्लकेला हातच लागला नाही. सरासरीचा आलेख इतका सपाट, की मी तो प्रेझेंटेशनमध्ये लावला.

आणि मग साठ जण येणार त्या दिवसापासून, मी शहाणपणा करून त्या डिस्कवर अँटिव्हायरसचं स्कॅन लावलं. पहाटे पाच ते नऊ. तेव्हा कोणी कामावर नसतं ना! स्कॅन चार तास शिल्लक खात बसायचं. नऊ वाजता साठ माणसं दारात आणि खात्यात शून्य. एरवी पाच-सहा मिनिटांत सगळे आत आले असते. त्याला अर्धा तास लागत होता.

आता सगळ्यात वाईट भाग. जे दहानंतर बसायचे, त्यांना मशीन छान मिळायचं. जे वेळेवर नऊला बसायचे, त्यांचा पहिला अर्धा तास चक्री बघण्यात जायचा. तासाला किती फॉर्म, याची यादी दर आठवड्याला निघायची. त्या यादीत वेळेवर येणारी माणसं 'स्लो' होती. ताईंचं नेट उत्तम होतं.

तांब्यावर काय लिहायचं

चिंचणीचं म्हणून एक उदाहरण देतो, डिस्क निवडताना मला ते आता नेहमी आठवतं. १९५५ मध्ये आपल्या गावात ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६. त्यात संजाणचा कारभार बघणारा अधिकारी आहे मधुमती सुगतिप. तो ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. त्याने दोन नद्यांवर फुकट होडी ठेवली आणि एक अन्नछत्र चालवलं, भात, कालवण, तूप. कोणीही यावं.

हीसुद्धा सामायिक सोयच ना? आणि बघा, तांब्यावर काय कोरलंय आणि काय नाही. जमीन कोणाला दिली, कशासाठी दिली, हे कोरलंय, कारण ते टिकायला हवं होतं. आज किती पानं उठली, होडीत किती माणसं बसली, याला तांबं लागत नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला माहीत होतं की सगळं एकाच किमतीच्या जागेत ठेवायचं नसतं.

मी नेमकं ते केलं नव्हतं. ब्राउझरचा कचरा, तात्पुरत्या फायली, ऑपरेटरचं खरं काम, सगळं त्या एकाच डिस्कवर. तीन जीबीच्या प्रोफाइलमधला निम्म्याहून जास्त भाग असा होता की रोज रात्री पुसला तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. तो वेगळा काढला असता तर दारातली गर्दीच कमी झाली असती.

मग पुढे

स्कॅन शनिवारी रात्री हलवलं. डिस्क १,००० जीबीची केली, १८० जीबीच ठेवायचे असताना. कारण त्या नियमात दरवाजा मोठा हवा असेल तर गोदामच मोठं विकत घ्यावं लागायचं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजून सात मिनिटांनी साठही जण आत होते.

त्याच डिसेंबरात ॲमेझॉनने जीपी३ नावाची डिस्क आणली. तिच्यात आकार काहीही असो, मुळातच ३,००० आयऑप्स, जागा आणि वेग वेगवेगळे विकत घ्यायचे. तेव्हा मला वाटलं, चला, दोष आपला नव्हता, आपण फक्त तीन महिने लवकर आलो. आता तसं वाटत नाही. ३,००० चा दरवाजासुद्धा सहाशे माणसांना अपुराच पडेल, जर कोणी विचारलंच नाही की नऊ वाजता काय होतं.

तारापूरच्या विजेचंच घ्या. संध्याकाळी सातला सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात. ग्रिड चालवणारा माणूस दिवसाची सरासरी सांगून सुटू शकत नाही, त्याला सातची तयारी करावी लागते. मॅकार्थींनी कॉम्प्युटिंगला सार्वजनिक सेवा म्हटलं, ते आम्ही बिलापुरतं उचललं. वीजवाल्यांची ही सवय उचलायची राहिली.

म्हणून तुमच्यापैकी जे हे काम करतात किंवा करणार आहेत, त्यांना एवढंच. पाच जणांवर चाचणी घेतलीत तर निकाल पाच जणांचाच समजा. सोमवारी सकाळी नऊचा आकडा मागा. डिस्क घेताना जागा आणि वेग दोन वेगळ्या ओळींत लिहा. क्रेडिटवर चालणारं काही असेल, तर ते संपल्यावर काय उरतं, तोच खरा वेग धरा. आणि कोणी म्हणालं स्लो आहे, तर 'नेट बघा' म्हणायच्या आधी स्वतःचा आलेख बघा. सरासरीचा नाही, त्या अर्ध्या तासाचा.

मी कंपनीला मेल लिहिला, की पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे धरू नका, चूक माझ्या आखणीची आहे. त्यांनी ऐकलं. पण तोवर यादीतल्या तीन जणांचं काम थांबवलं होतं. दोघांना परत बोलावलं आणि ते आले. तिसऱ्या त्या ताई. त्यांना बोईसरला एका दुकानात नोकरी लागली होती. मी फोन करून सगळं सांगितलं, सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "अरे भाऊ, मला वाटलं माझाच हात बसला नाही." तीन आठवडे त्यांना ते वाटत होतं. मी एक डिस्क चुकीची निवडली म्हणून.

तुमच्या ऑफिसमध्ये, सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये सकाळी पहिल्या अर्ध्या तासात काय होतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया.